शिमग्याबाहेरची बोंब

भैरवकड्यावर धुळवडीची पहाट उजाडली ती धुराच्या वासाने. रात्रीची होळी अजून धुमसत होती, आणि दिवाळीपासून गडाला वेढा घालून बसलेल्या मोगलांच्या राहुट्या पायथ्याच्या धुक्यातून एकेक करून दिसू लागल्या होत्या.

गडावर बोलणे महाग झाले होते. माघात एका शिलेदाराने बुरुजावरून खालच्या पहारेकऱ्याला शिव्या देता देता टाक्यांचे पाणी आटल्याचे ओरडून सांगितले, आणि परतीची बांधाबांध करणारा खान पुन्हा ठाण मांडून बसला. किल्लेदार हैबतराव संतापले, आणि त्यात गैर काहीच नव्हते. त्यांनी दवंडी पिटवली की दाणा, पाणी, दारूगोळा यांविषयी जो तोंड उघडील त्याची जीभ छाटली जाईल. त्यांचे मेहुणे, गडाचे सरनोबत दमाजीराव, यांनी तिला हळूच एक शेपूट जोडले: गडाच्या अंमलदारावर जो आळ घेईल त्याचीही. चांगल्या हुकमाला अशी शेपटे फार लवकर फुटतात.

सूट एकच होती, शिमग्याच्या रिंगणाची. होळीच्या राखेभोवती उभे राहून कोणी कोणाच्याही नावाने बोंब मारावी, खुद्द किल्लेदाराचे वाभाडे काढावेत, आणि ज्याच्या नावाने बोंब त्याने हसून घ्यावे, ही गडाची जुनी चाल. ती मोडण्याची छाती हैबतरावांनाही झाली नाही.

तटावरच्या पहाऱ्यांचा मुख्य गोमाजी हा या बोंबांचा राजा होता. पण आज त्याला थट्टा सुचत नव्हती. अमावास्येला दमाजीरावांनी पश्चिमेच्या चोरदिंडीवरचे त्याचे भरवशाचे गडी हलवून तिथे दोन कोवळी पोरे ठेवली, तेव्हापासून त्याला संशय होता. आणि आता भांगेच्या तारेत दमाजीरावांचा खिजमतगार बरळून गेला, की धुळवडीच्या दंग्यात दिंडी उघडणार आणि खानाची माणसे वर येणार. पहारे बदलण्याचा अधिकार सरनोबताचा. गोमाजीच्या हाती उरली ती जीभ. ती रिंगणात चालवली तर गडही वाचेल आणि जीभही, असा त्याने हिशेब केला.

तो रिंगणात शिरला. पालथी मूठ तोंडावर मारून त्याने आरोळी ठोकली, "दमाजीच्या नावानं बोंब! मेहुण्यानं गड विकला! चोरदिंडी खानाला दिली!"

रिंगण खदखदून हसले. सदरेवरून पाहणारे हैबतराव हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले दमाजीराव. त्यांनी मूठभर राख गोमाजीच्या तोंडाला फासली.

"वाहवा!" दमाजीराव म्हणाले. "यंदाची बोंब झकास!"

"अहो, खरं सांगतोय!" गोमाजी कळवळून ओरडला. लोक आणखीच हसले. कोणी टाळ्या पिटल्या.

तेव्हा त्याला उमगले. जिथे काहीही बोलायची मुभा, तिथल्या बोलण्याला कोण किंमत देतो?

त्याने शेल्याने तोंड पुसले, पागोटे नीट बांधले, आणि रिंगणातून बाहेर पडून तो सदरेच्या पायरीपुढे उभा राहिला. तीन वेळा लवून त्याने मुजरा केला.

"सरकार, इथं शिमगा नाही. इथं आपला हुकूम चालतो. तो ठाऊक असून बोलतो: सरनोबतांनी चोरदिंडी विकली."

हसू जागच्या जागी थिजले. दमाजीरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण जीभ शाबूत होती.

"दाजीसाहेब, हुकूम गडाचा आहे. आधी जीभ छाटा, मग चौकशी करा."

"छाटा," गोमाजी म्हणाला. "पण माणसं आधी दिंडीवर धाडा. जीभ कुठं पळून जात नाही, सरकार. गड जाईल."

हैबतराव चौकशीआधी जीभ मागणाऱ्या मेहुण्याकडे वळले. मग समशेर उपसून गरजले, "दमाजींना इथून हलू देऊ नका!" आणि स्वतःच दिंडीकडे धावले.

दिंडी दमाजीरावांच्या माणसांनी सताड उघडून ठेवली होती. पहाऱ्यावरची दोन्ही पोरे गळे चिरलेली पडली होती, आणि कातळाला टांगलेल्या दोराच्या शिडीवरून खानाचे हशम उंबऱ्याशी आले होते. चकमक थोडकीच पण भयंकर झाली. शेवटी शिडी तोडली गेली आणि गड वाचला.

दुपारी सदरेपुढे ती दोन प्रेते आणि जेरबंद दमाजीराव होते. आत किल्लेदारीणबाई भावासाठी रडत होत्या.

"गोमाजी, संशय कधी आला?" हैबतरावांनी विचारले.

"अमावास्येला."

"मग तेव्हाच का नाही बोललास? ही पोरं जगली असती!"

"जीभ प्यारी होती, सरकार." गोमाजी प्रेतांकडे पाहत म्हणाला.

हैबतरावांनी दवंडीवाल्याला बोलावले. "पुकार. गडाखाली शत्रूला ऐकू जाईल असं बोलेल त्याची जीभ जाईल. सदरेवर येऊन मला सांगेल त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

कोणाचाच विश्वास बसला नव्हता. मग गोमाजी एक पायरी वर चढला.

"तर मग ऐकावं, सरकार. दमाजीरावांपेक्षा जाणते गडी असताना मेहुणा म्हणून त्यांना सरनोबती आपण दिलीत. या पोरांचं रक्त आपल्याही माथी आहे."

हैबतरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. हात समशेरीच्या मुठीवर गेला. प्रेतांपाशी बसलेल्या पोरांच्या आया त्या हाताकडे पाहत होत्या.

हैबतरावांनी कमरेची समशेर सोडली, गादीवर ठेवली आणि घोगऱ्या आवाजात विचारले, "आणखी?"