दुसऱ्या गाभ्यावरचा साक्षी

हृदयपंपांच्या परीक्षण-प्रयोगशाळेत शरयू पोंक्षेला कोणी चहाला हाक मारत नसे, आणि तिलाही त्याची पर्वा नव्हती. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हा तिचा पेशा होता, डॉ. विश्वंभर कारखानीसांच्या कामातली शोधणं हा तिचा आनंद. याच गृहस्थांनी दहा वर्षांपूर्वी भर सभेत तिला ‘उवा काढणारी बाई’ म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

माणूस हुशार, हे मात्र तिलाही नाकारता येत नव्हतं. निकामी हृदयाच्या जागी बसणारा पंप त्यांचा, आणि पंपातली नखाएवढी चिप चालवणारी वास्तवकाल-प्रणालीही त्यांचीच. ठरलेलं काम ठरलेल्या क्षणी झालंच पाहिजे, सबब चालणार नाही, अशी ती प्रणाली. नव्या पंपाच्या चिपमध्ये एकाऐवजी दोन गाभे होते, म्हणजे दोन कामं खरोखरच एका वेळी चालणार. शरयूनं चिपमध्ये आपला ‘साक्षी’ नावाचा नोंदकार्यक्रम घातला आणि पंप नऊ हजार तास चालवला. एक चूक सापडेल तर शपथ! दातओठ खात तिनं सही केली.

पुढच्याच महिन्यात कारखानीसांच्या स्वतःच्या हृदयानं मान टाकली आणि त्यांनी आपलाच पंप छातीत बसवून घेतला. त्याआधी साक्षी काढायला लावला. त्या बाईचा हेर माझ्या छातीत नको, असं ते सर्जन नसरीन तांबोळींना म्हणाले म्हणे.

प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या पंपातूनही शरयूनं साक्षी काढून घेतला होता. तो पंप त्यानंतर अकराव्या दिवशी भर दुपारी आपोआप थांबला.

तिला आधी झाला तो आनंद, अगदी लाज वाटावी इतका. मग दोन दिवस मान मोडून तिनं प्रणालीची ओळन् ओळ वाचली, आणि तो आनंद कुठल्या कुठे गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती इस्पितळात पोचली. शस्त्रक्रियेला तेव्हा दोन आठवडे झाले होते. कारखानीस पलंगावर पेपर वाचत बसले होते. पंप थांबल्याचं तिनं सांगितलं तरी पेपर खाली आला नाही.

“सही तुमची आहे,” ते म्हणाले.

तिनं राग गिळला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रणालीत कामांना मानपान असतो. दाब वाचून पंपाचा वेग ठरवणं हे थोरलं काम. दाब ज्याच्यावरून कळतो तो तक्ता अधूनमधून दुरुस्त करणं हे धाकटं. एकच गाभा असला की थोरला उठल्यावर धाकट्यानं बसायचं, त्यामुळे तक्त्यात कोणाचा हात आहे हे थोरल्याला बघावंच लागत नाही. आणि तक्ता दुरुस्त करताना मध्येच थोरला उठू नये, म्हणून धाकटा तेवढ्यापुरते गाभ्याचे कान बंद करतो, म्हणजे थोरल्याची हाक गाभ्याला ऐकूच जात नाही. कारखानीसांची प्रणाली तीस वर्षं याच भरवशावर चालत आली होती.

“दोन गाभे झाल्यावर धाकटा फक्त आपल्याच गाभ्याचे कान बंद करतो,” ती म्हणाली. “थोरला दुसऱ्या गाभ्यावर जागाच असतो. अर्धा जुना, अर्धा नवा तक्ता वाचतो, दाब भलताच समजतो आणि पंप थांबवतो.”

“मग नऊ हजार तासांत का नाही थांबला?”

ती याच प्रश्नाला घाबरत आली होती.

“कारण दुसरा गाभा माझ्या साक्षीनं अडवून ठेवला होता. तुमची दोन्ही कामं एकाच गाभ्यावर आळीपाळीनं चालली होती. दोन गाभ्यांचा पंप मी तपासलाच नाही. माझं परीक्षण फुकट गेलं.”

कारखानीसांनी पेपरची घडी घातली. त्यांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात ते आपलीच प्रणाली पुन्हा चालवून बघत होते. दोन गाभ्यांवर ती तिथंच अडखळली.

प्रणाली बदलायची तर पंप चाळीस सेकंद बंद ठेवायला हवा. त्यासाठी छाती उघडून रक्त फिरवणारं बाहेरचं यंत्र जोडावं लागणार, आणि अजून सत्तर दिवस मी पुन्हा हात लावणार नाही, असं तांबोळींनी बजावलं होतं. साक्षी मात्र चालत्या पंपात बाहेरून घालता येत होता.

“तुमचा हेर,” कारखानीस म्हणाले.

“हो.”

“टेबलावर त्याची वही तारेनं सतत रिकामी होत होती. छातीत तार नाही, सहा तासांत ती भरते. भरली की तो झोपतो आणि गाभा मोकळा होतो. तारेवाचून ती रिकामी होते फक्त तुमच्याच अंगठ्यानं. तो ठसा चिपमध्ये कोरलेला आहे. माझ्या शोधाच्या नोंदी आणखी कोणाच्या हाती जाऊ नयेत, म्हणून ही अट मीच घातली होती.”

तिनं सोबत आणलेलं, साक्षी घालायचं छोटं यंत्र त्यांच्या छातीशी धरलं आणि त्यावर अंगठा टेकवला. साक्षी दुसऱ्या गाभ्यावर जाऊन बसला.

“सत्तर दिवस, दर सहा तासांनी,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “एखाद्या वेळी विसरलात तर?”

“तुम्हांला विसरता आलं असतं, तर माझी दहा वर्षं सुखात गेली असती.”

मग ती दाराशी गेली आणि पेशंटच्या सोबतीला राहणाऱ्यांना इथं खाट कुठे मिळते, असं तिनं नर्सला विचारलं.