हाफ क्लच

फोरमन घरून निघाले तेव्हा मोटरसायकलला नाव ठेवायला जागा नव्हती. ऑइल नवं होतं, चेन ताणून घेतली होती, हवा भरली होती. मुलीचं गाव लांब. सकाळी निघालं की संध्याकाळ व्हायच्या बेताला पोचायचं. मुलगी म्हणत होती, बसने या. जावईही म्हणाले की या वयात एवढी दामटादामटी कशाला. पण फोरमनना गाडीनेच जायचं होतं. नातवंड झालं की दोघांनी गाडीवरून बघायला जायचं, हे त्यांच्या बायकोने फार आधी ठरवून टाकलं होतं. नातू झाला, त्याच्या आधीच ती गेली. निदान ठरलेलं अर्धं तरी पार पाडावं, एवढाच त्यांचा हट्ट.

मुलीची अट एकच होती. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, वीतभर. इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, आता कुठे घरी आणलेलं. कुणाच्या हाताची घाण त्याला सोसणार नव्हती. "आल्या आल्या अंघोळ, बाबा. हात धुतल्याशिवाय तर खोलीत पाऊलसुद्धा नाही," तिने फोनवर बजावलं होतं. फोरमननी बॅगेत साबणाची कोरी वडी टाकली होती.

निम्मा रस्ता बिनघोर गेला. मग एका साध्या चढावर गाडी कण्हायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलायचं, पण चाक काही हुकूम मानायचं नाही. क्लच घसरत होता. थोड्या वेळाने वास आला, जळक्या प्लेटांचा. त्या वासाखाली आणखी एक वास होता. गोडसर, बंद खोलीतला. फोरमनना वाटलं, रस्त्याकडेला काहीतरी मरून पडलं असेल.

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि क्लचची दांडी चाचपली. बोटं चिकटली. दांडीवर पांढरट, मेणचट थर होता, आणि तो कोमट होता. त्यांनी फडक्याने घासून पुसलं, फडकं हुंगलं आणि लगेच लांब धरलं. आपल्या हातांना काही लागलं होतं का ते आठवून पाहिलं. सकाळपासून त्यांनी पाण्याच्या बाटलीखेरीज कशाला हात लावला नव्हता.

पुढच्या वस्तीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे तेलाने काळा पडलेला चिखल, कडेला वापरलेल्या ऑइलचं पिंप आणि त्यात फुगलेल्या माश्या. मिस्त्री जाडजूड, बोलका. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि उतरायच्या आधीच निकाल दिला.

"काका, तुम्ही हाफ क्लचवर चालवता."

फोरमन म्हणाले की ते कधीच तसं चालवत नाहीत. मिस्त्री हसला. हाफ क्लचवर चालवणारा कबूल झालेला म्हणे त्याने आजवर पाहिला नव्हता, त्याचा सासरासुद्धा नाही. लोकांना वाटतं आपला हात नुसता दांडीवर टेकलाय. पण टेकलेला हातही दाबतोच. दांडी किंचित दाबलेली राहिली की प्लेटा पुरत्या धरत नाहीत, एकमेकींवर घासून जळतात.

फोरमननी डावा हात वर करून दाखवला. खोक्यांच्या कारखान्यात कटाई मशीनखाली येऊन दोन बोटं आखडली होती, ती धड मिटत नव्हती. दांडी नुसती धरून ठेवणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. गिअर बदलण्यापुरती ते ती कशीबशी दाबायचे आणि सोडायचे.

"मग इतकी वर्षं लांबलांब कसे जायचात?" मिस्त्रीने विचारलं.

फोरमन उगाच आकाशाकडे बघत म्हणाले की जमायचं कसंतरी.

जमवायची त्यांची बायको. मागे बसून ती आपला डावा हात त्यांच्या काखेखालून पुढे घालायची आणि त्यांच्या हातावर ठेवायची. ते नुसतं हुंकारायचे, ती दाबायची, ते पायाने गिअर टाकायचे, ती सोडायची. पुढे पुढे हुंकारही लागेना. नात्यातले लोक चेष्टा करायचे, गाडी चालवतं कोण म्हणून. ती म्हणायची, "मीच. हे पुढे वारा अडवायला बसतात." तिची एकच खोड होती. तिचा हात दांडीवरून पुरता उठत नसे. फोरमन तिच्यावर डाफरायचे, प्लेटा जळतील म्हणून. ती म्हणायची, असू दे, नुसता टेकलाय.

मिस्त्रीने कव्हर खोललं. नवंच ऑइल, पण जळून काळं झालेलं, खाली ठेवलेल्या तव्यात सांडलं. त्याने प्लेटा एकेक करून उपसल्या आणि तिसरी हातात धरून थांबला. प्लेटांच्या मध्ये काहीतरी अडकलं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते ओढून काढलं. पातळ पांढरट पापुद्रे, ऑइलमध्ये भिजलेले, तरी न विरघळलेले. त्याने एक बोटावर घेऊन उजेडात धरला. पापुद्र्यावर बारीक रेषा होत्या.

"आत कसला डिंक लावला होता का कुणी?" असं म्हणत त्याने बोट नाकाशी नेलं, आणि तिथेच पचकन थुंकला. दिवसभर त्या चिखलात बसणारा माणूस, पण उठून नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.

फोरमनना विचारावं लागलं नाही. शेवटच्या महिन्यांत औषधांनी तिच्या तळहातांची साल निघायची. सकाळ-संध्याकाळ ते पांढरं मलम चोळायचे आणि चादरीवर पडलेले पापुद्रे हाताने गोळा करायचे. भेटायला आलेली माणसं दारातूनच बोलून जायची. तिची सख्खी बहीण पदर नाकाला लावून बसायची, आणि फोरमनना तिचा राग यायचा. तेव्हा त्यांना स्वतःला कधी शिसारी आली नव्हती.

आज आली. तव्यातल्या त्या ऑइलकडे त्यांना बघवेना. ते शेडमागे जाऊन ओकले.

मिस्त्रीने नव्या प्लेटा घातल्या, दांडीला पुरेशी ढील दिली आणि गाडी दोनदा पळवून आणून दाखवली. लोण्यासारखी चालत होती. गाडी हातात देताना एवढंच म्हणाला, "मागे कुणी बसणार असेल तर सांगा त्यांना, दांडीला हात लावायचा नाही."

फोरमन निघाले. ऊन कलतं झालं होतं. सपाटीवर गाडी छान धावली. मग डोंगर आला आणि पहिल्याच वळणावर इंजिन बोंबललं.

त्यांनी खाली पाहिलं. दांडी किंचित दाबलेली होती. त्यांचा हात हँडलच्या मुठीवर होता, दांडीवर नव्हता.

त्यांनी बोटांनी दांडी बाहेर ढकलली. ती आली. हात काढताच पुन्हा आत गेली, सावकाश, जराशीच. नुसती टेकल्यासारखी.

वास आला. डाव्या काखेखाली शर्ट ओला झाला होता. मनगटावर काहीतरी पडलं, त्यांनी झटकलं, ते निघेना. नखाने खरवडलं तेव्हा निघालं, आणि नखात अडकून राहिलं.

फोरमननी वळणावरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली. उतरले नाहीत. दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसून राहिले. आरशात मागचा रस्ता दिसत होता. रिकामा. मागे वळून बघायचं त्यांच्या मनात आलं, पण मान वळेना. भीतीने नाही. बघितलं तर पुन्हा ओकारी येईल असं वाटलं, आणि तिच्या तोंडावर ओकायचं नव्हतं.

ते नखाकडे बघत राहिले. हेच हात घेऊन त्या वीतभर जिवाजवळ जायचं होतं. आज पोचायचं होतं. त्याला धरायचं होतं. दुसरं काही मागणं उरलंच नव्हतं त्यांचं.

"हात काढ," ते म्हणाले.

काही झालं नाही.

"तिकडे बाळ आहे. हे असले हात घेऊन जायचं नाही तिथे. कळतं ना तुला? उतर."

बराच वेळ वारासुद्धा हलला नाही.

मग दांडी बाहेर आली, पूर्ण.

आणि मागची सीट वर उठली. बसलेलं माणूस उतरलं की स्प्रिंगा उठतात, तेवढीच.

फोरमननी गाडी गिअरमध्ये टाकली आणि मागे न बघता चढ चढायला लागले. क्लच घट्ट धरत होता. डोंगर उतरल्यावर एका नळावर थांबून त्यांनी शर्ट बदलला, साबणाने हात, मनगटं, नखं घासली. दांडी पुसायला घेतली तर ती कोरडी ठणठणीत होती. वासही नव्हता. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याबद्दल वाईट वाटलं, पण फार नाही. गाडी इतकी हलकी कधी पळाली नव्हती.

ते पोचले तेव्हा अजून उजेड होता. दार मुलीनेच उघडलं. हातात ओलं फडकं, चेहरा त्रासलेला. नमस्कार, प्रवास, काही नाही. ती म्हणाली, "बाबा, आधी अंघोळीला जा." ते अंघोळ करून आले. पुन्हा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. तिने दोन्ही बाजूंनी ते तपासले, लहानपणी ते तिचे तपासायचे तसे, आणि मग त्यांना आत नेलं.

खोली स्वच्छ होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. जावई पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत होते.

"उंदीर मेलाय म्हणतात हे," मुलगी म्हणाली. "मला नाही वाटत. ऊन उतरल्यापासून पुसतेय. पाळण्याच्या कठड्याला काहीतरी चिकट लागतंय. पुसलं की पुन्हा येतं. शी." तिने फडकं बादलीत टाकलं. "एकच बरं झालं. दिवसभर किंचाळत होता, तेव्हापासून गप्प आहे."

फोरमन पाळण्याजवळ गेले. त्यांचे हात स्वच्छ होते. ते त्यांनी पाठीमागे धरले.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. उजवी मूठ हवेत उचललेली होती, आणि ती पुरती मिटलेली नव्हती. बोटं कशाला तरी गच्च धरून होती. मधे एका बोटाएवढी जागा होती.

"सोडव की जरा," मुलगी जावयांना म्हणाली. "हात दुखेल त्याचा."

जावयांनी वाकून बाळाची बोटं एकेक करून उलगडायला घेतली. उलगडेनात.