मानेवरची रेघ

विश्वास कोणावर ठेवावा, जो शिकवतो त्याच्यावर की जो शिकतो त्याच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. साठा मोजायला अजून दोन कपाटं बाकी आहेत, रात्र आपलीच आहे. फडकी खाली ठेवा आणि नवरा-बायको दोघं बसा जरा. काय म्हणालीस सूनबाई, भुताची गोष्ट ऐकली की झोप येत नाही? बरंच आहे, मोजणी तरी पुरी होईल.

मी जन्मभर प्रयोगशाळांना काचसामान विकलं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे थेंबमास्तर. औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत होते. गोळीत लिहिलंय तेवढं औषध खरंच आहे का, हे मोजण्याआधी बरीच उस्तवार असते. गोळ्या कुटायच्या, पूड तोलायची, विरघळवायची, फ्लास्कच्या मानेवर रेघ असते तिथवर नेमकं भरायचं, गाळायचं. ते सगळं मास्तरांकडे. हात असा, की थेंब त्यांची परवानगी काढून पडायचा.

हा हात त्यांना दिला बाईंनी. बाई म्हणजे तिथल्या आधीच्या मुख्य. जीभ तिखट, पण शिकवताना कधी हात आखडला नाही. अकरा वर्षांत मास्तरांना एकदाच शाबासकी दिली. ती तारीख मास्तर न विचारता सांगायचे. बाई वारल्या आणि त्यानंतर सहा वर्षांनी तिथे यंत्र आलं.

काचेची पेटी, आत एक लोखंडी हात. मास्तरांचंच सगळं काम करायचं, न थकता, चहा न मागता. बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, "सर, तुम्ही कसं करता ते ओळीने लिहून द्या. तसंच याला शिकवतो."

मास्तरांनी लिहून दिलं. छत्तीस ओळी. एक गाळली.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, तू बसलायस त्याच स्टुलावर बसून. फिट येऊ नये म्हणून घेतात त्या गोळ्यांची पूड लबाड असते, काचेला काय नि प्लास्टिकला काय, चिकटून बसते. रेघेपर्यंत भरण्याआधी थांबायचं, मानेवर तीनदा टिचकी मारायची, अडकलेली पूड धुऊन खाली घ्यायची. नाहीतर पुरेसं औषधही कमी भरतं. ही बाईंची शिकवण.

"घरात सवत आणली," मास्तर म्हणाले, "आणि वर मलाच सांगतात, तिला स्वयंपाक शिकव."

झालं. यंत्राचे निकाल कमी यायला लागले. चांगल्या गोळ्या गोदामात अडकल्या, दवाखान्यांतून फोनावर फोन. शेवटी साहेबांनी सांगितलं, गुरुवारी रात्री बारा नमुने लावा, सकाळी निकाल मास्तरांच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर यंत्र परत. म्हणजे मास्तरांचं टेबल मास्तरांना.

त्या गुरुवारी रात्री ते उठून तिथे गेले. कशाला, विचारलं मी. "हरताना बघायचं होतं त्याला."

अकरा वाजून चाळीस मिनिटं. अमावास्या नव्हती, वारा नव्हता. पहारेकऱ्याने सही घेतली, जांभई दिली. खोलीत दिवा एकच, पेटीतला. मास्तर दाराशी उभे राहिले.

लोखंडी हाताने पूड तोलली. कुपीत घातली. द्रावण ओतलं, हलवलं. आता भरणार...

भरलं नाही.

हात थांबला.

टक. टक. टक.

"इंजिनियरच्या लक्षात आलं असेल," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं," मास्तर म्हणाले. "मग कोणीतरी खाकरलं."

पेटीपाशी कोणी वाकलं होतं. पाठमोरं. पांढरा कोट. डावा खांदा जरासा खाली... तो खांदा मास्तरांनी अकरा वर्षं शेजारी पाहिला होता.

ते घाबरले नाहीत. हे नीट ऐका. भीती मागून आली. आधी दिसलं ते हे. बाई त्याच्यापाशी उभ्या होत्या... आपल्यापाशी उभ्या राहायच्या, तशा.

दुसरी कुपी. टक. टक. टक.

तिसरी.

मास्तर मोजत राहिले. बारावी झाली.

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

हळूच. यंत्राला.

मास्तरांनी हाक मारली. "बाई, मी..."

त्या वळल्या नाहीत.

...

सकाळी बाराही निकाल जुळले. इंजिनियर शपथेवर सांगत होता, मी काही बदललं नाही. यंत्रातल्या ओळी मोजल्या. छत्तीसच. मास्तरांनी तिथेच सदतिसावी लिहून दिली, खाली सही केली आणि महिनाअखेर नोकरी सोडली. मला म्हणाले, "एका रात्रीत शाबासकी मिळाली त्याला. एका रात्रीत."

आता राहिलेली गोष्ट. त्या पेटीत प्लास्टिकच्याच कुप्या चालतात आणि काम चालू असताना दार उघडत नाही. सकाळी बारा कुप्यांच्या शेजारी एक काचेचा फ्लास्क उभा होता. लांब मानेचा, जाड बुडाचा. बाई वापरायच्या ती घडण, विकायची मी पंधरा वर्षांपूर्वी बंद केली. बूच नाही, रेघेपर्यंत भरलेला. मास्तरांनी तो घरी नेला नाही. इथे आणून ठेवला. "तुमची काच तुम्ही सांभाळा," म्हणाले.

चार उन्हाळे झाले. उघडं पाणी आठवड्यात खाली उतरतं. हे रेघेवरून केसभर हललेलं नाही.

कुठे आहे म्हणतोस? समोरच्या कपाटात, वरच्या फळीवर. मोजायचा राहिलाय.

साठ्याची वही आजपासून तुम्हा दोघांची. मी चार वर्षं तो वहीत घेतलाच नाही, ही माझी गाळलेली ओळ. तुम्ही घ्या. फ्लास्क, नग एक, भरलेला. पुढे 'कोणाकडून आला' असा रकाना आहे. पोरांनो, तो कोरा सोडू नका, आणि तिथे मास्तरांचं नाव घालू नका.