दर महिन्याला अर्धा इंच

त्या दिवशी वारा असा काही सुटला होता की माणसांनी छत्र्या धरल्यात की छत्र्यांनी माणसं, तेच कळत नव्हतं. ती बसथांब्यावर अंग चोरून उभी होती. शेजारून कुणीतरी घाईघाईनं गेलं आणि तिच्या डोक्याला जोराचा हिसका बसला.

"आई गं!"

तिचे केस एका छत्रीच्या काडीत अडकले होते. छत्रीच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी तरुण होता, आणि तो तिच्यापेक्षा जास्त घाबरला होता.

"हलू नका," तो म्हणाला. "अजिबात हलू नका."

"अहो, माझी बस आलीय!"

"बस दर वीस मिनिटांनी येते. एवढा केस यायला दोन वर्षं लागतात."

त्यानं खिशातून कंगवा काढला आणि खालच्या टोकापासून एकेक बट सोडवायला सुरुवात केली. छत्री मिटवता येत नव्हती, म्हणून दोघंही तिच्याखाली. त्याची पाठ मात्र बाहेर, चिंब भिजत होती.

"चार केसांचं काय एवढं? कात्री असेल तर कापून टाका ना..."

"पिशवीत तीन कात्र्या आहेत. हे समोरचं केसांचं दुकान माझंच." तो मान वर न करता म्हणाला. "पण अडकलं की काप, हा आळशी माणसाचा कारभार."

दोन बसेस गेल्या. शेवटची बट सुटल्यावर त्यानं ती तिच्या खांद्यावर हलकेच ठेवली आणि म्हणाला, "केस चांगले आहेत तुमचे. पण तुम्ही त्यांचे फार हाल करताय."

तिला राग यायला हवा होता... पण केस चांगले आहेत, असं सत्तावीस वर्षांत तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

तिच्या घरात केसांचा निकाल कधीच लागून गेला होता. धाकट्या बहिणीचे केस म्हणजे रेशीम, हिचे म्हणजे काथ्या. शाळेच्या गडबडीत गुंता सुटेना म्हणून आईनं लहानपणी ते मुलासारखे कापले, आणि पुढे बरीच वर्षं तेच चालू राहिलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याची जीभ म्हणजे दुधारी. "काथ्याला कितीही तेल पाजा, तो काथ्याच!" सगळे हसायचे. तीही हसायची. मग बाथरूमची कडी लावून, मान वळवून, आरशात आपली मोकळी पाठ बघत बसायची. आयुष्यात एकदा, फक्त एकदा तिला कमरेला टेकणारी वेणी हवी होती. या वयात असला हट्ट सांगायची लाज वाटायची, म्हणून तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्या दुकानात गेली आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिनं तो सांगून टाकला. कात्रीवाला हसला नाही. डॉक्टरसारखा चौकशीला लागला.

"धुतल्यावर काय करता?"

"टॉवेलनं खसाखसा पुसते. घाई असते हो सकाळी!"

"आणि ओले असतानाच विंचरता. वरून खाली." त्यानं डोळे मिटून घेतले. "बांधता कशानं?"

तिनं पर्समधून लाल रबराची कडी काढली. ती शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. दिवसभर भिंगाखाली दोरा बघायचा, कुठे तंतू उसवलाय, कुठे पीळ सैल पडलाय ते शोधायचं, हे तिचं काम.

"आमच्याकडे रिळांच्या खोक्यांना लावतात ही," ती म्हणाली.

"मग खोक्यांनाच लावा की! केसांनी काय पाप केलंय?"

ती खळखळून हसली. कात्रीवाला आरशातून बघतच राहिला आणि मग एकदम कंगवा पुसायला लागला.

त्यानं तिच्या सवयी एकेक करून सोडवल्या. जुन्या मऊ सुती कपड्यानं केस नुसते टिपायचे, पिळायचे नाहीत. गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं, मोठ्या दातांच्या कंगव्यानं. धुण्याआधी तासभर थोडंसं तेल, तेही टोकांना जास्त. झोपताना सैल वेणी आणि उशीला गुळगुळीत अभ्रा.

"आणि टोकांना फाटे फुटलेत. दर महिन्याला या. अर्धा इंच कापू."

"अहो, मला वाढवायचेत!"

"फाटा वर चढत जातो आणि मग केस मधेच तुटतो. माझ्यावर विश्वास ठेवा, धागेवाली."

तिनं ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती त्या खुर्चीत बसू लागली. अर्ध्या इंचाला किती वेळ लागावा? पाच मिनिटं. कात्रीवाल्याला पाऊण तास लागायचा.

"आज कारखान्यात काय तुटलं?" तो विचारायचा.

"काळा दोरा. आणि साहेबांचा चष्मा."

"आणि मन वगैरे... कुणाचं?"

"ते आमच्या विभागात येत नाही!"

केस खरंच बदलले. बोटं घातली की अडकेनात. कारखान्यातल्या बायका विचारू लागल्या, काय लावतेस गं? ती गालात हसायची. खरं उत्तर असं होतं की ती पहिल्या शनिवारची वाट बघायची, आणि आताशा ती वाट केसांसाठी नव्हती. ती प्रेमात पडली होती. तिला ते पुरतं ठाऊक होतं.

दहाव्या महिन्यात धाकटी फोटो चाळता चाळता म्हणाली, "ताई, केस काय सुंदर झालेत गं! पण... आहेत तेवढेच की!"

तिनं फोटो हिसकावून घेतला. मग मोजपट्टी आणली. खांद्याखाली चार बोटं, दहा महिन्यांपूर्वी होते तिथेच! महिन्याला अर्धा इंच वाढत होते आणि महिन्याला अर्धा इंच कापले जात होते. इतकं साधं गणित, आणि ती आरशातले त्याचे डोळे बघत बसली होती.

पुढच्या शनिवारी तिनं अंगावरच्या कापडावरून कापलेल्या टोकांची चिमूट गुपचूप कागदात बांधली. सोमवारी कामावर ती भिंगाखाली धरली. एक बघितलं, दहा बघितली, तीस बघितली. एकाही टोकाला फाटा नव्हता.

संध्याकाळी ती दुकानात शिरली तेव्हा दोन बायका वाट बघत बसल्या होत्या. तिनं भिंग आणि पुडी त्याच्यासमोर ठेवली.

"फाटे दाखवा."

त्यानं भिंगाला हातही लावला नाही. "नाहीयेत," तो खाली बघत म्हणाला.

"कधीपासून नाहीयेत?"

"सहाव्या महिन्यापासून."

"म्हणजे निम्मे दिवस तुम्ही माझे चांगले केस कापलेत?"

"हो." त्यानं कात्री खाली ठेवली. "दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं, आता चार महिने येऊ नका म्हणून. पण तुम्ही खुर्चीत बसलात की... जीभच वळायची नाही. केस कापायचे नसतील तर तुम्ही इथे येणार कशाला?"

एका बाईच्या हातातलं मासिक मांडीवर पडलं.

तिला भयंकर आनंद झाला आणि भयंकर संताप आला, दोन्ही एकाच वेळी. संताप वरचढ ठरला. "तो हट्ट मी सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला सांगितला होता. आणि तुम्हीच..."

ती निघून गेली.

नऊ दिवस तिनं त्या रस्त्याची बससुद्धा घेतली नाही. दहाव्या दिवशी कारखाना सुटला तर फाटकाशी कात्रीवाला उभा. त्यानं दोन्ही तळहात तिच्यासमोर उघडे धरले.

"कात्री आणलेली नाही. कंगवाही नाही."

"मग कशाला आलात?"

"तुम्हाला भेटायला. काहीही कारण नाही. हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं, पण अक्कल गहाण पडली होती." "तुमचा विश्वास मी मोडला. चूक झाली. माफ नाही केलंत तरी चालेल, पण आता तुमच्या केसाला तुम्ही म्हणाल तेव्हाच कात्री लागेल... फाटा तुमच्या भिंगातून बघून."

तिच्या मैत्रिणी कोपरानं एकमेकींना ढोसत होत्या.

"पुढच्या महिन्यात येऊ का भेटायला?" त्यानं विचारलं.

"महिन्यानं?" ती म्हणाली. "उद्या या."

वर्षभरानं, एका संध्याकाळी चालता चालता त्यानं तिला लग्नाचं विचारलं.

"करू की," ती म्हणाली. "वेणी कमरेला टेकली, की लगेच."

त्यानं बोटं मोजली आणि तो मटकन कट्ट्यावर बसला. "अगं, अजून दीड वर्ष!"

"मधले पाच महिने कुणी खाल्ले?"

मग काय, जो माणूस केस कापायला बहाणे शोधायचा, तोच आता एकेका सुताला जपू लागला. ऊन दिसलं की ओढणी डोक्यावर घे म्हणायचा. वारा सुटला की वेणी घाल म्हणायचा. "तेल लावलंस का?" हे त्याचं रोजचं प्रेमपत्र. आत्या डोक्याला हात लावायची. "वेणीपायी लग्न अडवतं का कुणी? याला म्हणतात काथ्याकूट!" पण तीच आत्या हल्ली जिन्यात हिला थांबवून, पाठीमागे बोट लावून बघायची. एकदा हळूच म्हणाली, "आला गं तुझा काथ्या बराच खाली."

अखेर तो रविवार उजाडला. दुकानात आत्या आली, धाकटी आली, दोन जुन्या गिऱ्हाईक बायका बोलावणं नसताना आल्या. तिनं पाठ फिरवली. काळीभोर, नितळ, शेवटपर्यंत भरलेली वेणी पाठीवरून सरळ खाली उतरली.

"टेकली!" धाकटी ओरडली.

"टेकली, टेकली!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

कात्रीवाला गुडघ्यावर बसला. त्यानं वेणीचं टोक बघितलं, कमरेची रेघ बघितली. पुन्हा बघितली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही," तो म्हणाला. "बोटभर कमी आहे."

"अरे शहाण्या!" आत्या कडाडली. "टेकली म्हण की! लग्न तुझंच अडलंय ना?"

"माहीत आहे, आत्या. पण नाही टेकली." "महिनाभर थांबेन... दोन महिने थांबेन. हिला आता खोटं नाही सांगणार."

ती वळली. इतकी वर्षं आरशात चोरून बघितलेली ती पाठ आज तिला बघायचीही नव्हती. तिला समोरचा हा गुडघ्यावर बसलेला, घामेजलेला, खरं बोललेला माणूस बघायचा होता. डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"लग्नाला हो, वेड्या! बोटभर वाढायला दीड महिना लागेल. तेवढ्यात तयारी होईल ना तुझी?"

त्याला उठताच येईना. शेवटी आत्यानंच त्याला दंडाला धरून उभं केलं, आणि "चला, तारीख काढा!" म्हणत तिनं दुकानाच्या दारावर 'आज बंद'ची पाटी लावून टाकली.