कार्ड काढलं तरी पाणी उतरलं नाही

"आत्या, तुझी गोळी शेवटपर्यंत गोल राहिली का गं?"

हा प्रश्न मी कीर्ती आत्याच्या खोलीत मोठ्याने विचारायचा, अशी पैज माझ्या वर्गमैत्रिणी मनस्वी आणि आयतने लावली होती. आत्याला जाऊन आठ महिने झाले होते.

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. नवीन पनवेल, आमचंच घर, ११ जानेवारीचा रविवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन!

आत्या लेझर फ्यूजनवर संशोधन करायची. इंधनाची मिरीएवढी गोळी चहूबाजूंनी लेझर मारून दाबायची, की सूर्यासारखी ऊर्जा! पण गोळीवर केसाहून बारीक खडबड असली, तरी दाबताना ती वाढते, बोटांसारखे फाटे फुटतात आणि सगळं फसतं. ते फाटे रोखता रोखता आत्या कॉम्प्युटरसमोरच कोसळली.

म्हणून दहावीनंतर मला कॉमर्स, हे बाबांनी ठरवूनच टाकलेलं. "त्या गोळीने माझी बहीण खाल्ली. तुला नाही खाऊ देणार."

शाळेच्या प्रदर्शनात मी तेच फाटे पाण्यात दाखवणार होते. आत्याच्याच टेबलावर मांडलं होतं: खाली साध्या पाण्याची बरणी. तिच्यावर मिठाच्या लाल पाण्याची, उलटी. मध्ये प्लास्टिकचं कार्ड. कार्ड ओढलं की जड लाल पाणी बोटं काढत खाली उतरतं. सकाळपासून चारदा उतरलं होतं.

"विचार ना! फाटली ना?" मनस्वी खिदळली.

मी विचारलं. आणि कार्ड ओढलं.

काहीच झालं नाही.

लाल पाणी वरच... सपाट... आरशासारखं.

"कार्ड अडकलंय गं," आयत म्हणाली.

कार्ड माझ्या हातात होतं.

वरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली... पाणी नाही.

मग आवाज आला.

कर्र... कर्र...

काचेवर नख फिरवल्यासारखा. जिथे दोन्ही पाणी भेटतात, बरोबर तिथे, बरणीभोवती गोल. कुठे खडबड राहिलीय का, चाचपत असल्यासारखा...

"या अल्लाह, चल इथून!" आयतने मनस्वीला ओढलंच. दोघी पसार!

मी कार्ड धरून बरणीपाशीच राहिले. तोंडातून शब्द निघाले.

"आत्या... दमली असशील. सोड आता. पुढचं मी बघते."

आवाज थांबला.

लाल पाण्याला एक बोट फुटलं... दुसरं... मग सगळं सरसर खाली.

ते वाक्य माझंच होतं, की कुणी माझ्याकडून वदवून घेतलं? अजून कळत नाही. त्या खोलीवरून जाताना मी आजही पळते.

पण त्याच संध्याकाळी आई-बाबांसमोर उभी राहिले.

"कॉमर्स नाही, बाबा. मी सायन्स घेणार. मी... कबूल केलंय."