धुळाच्या रक्तातला हिरवा उजेड

म्हाळसा कधीची काचेपुढे येरझाऱ्या घालत होती. बसली की उठायची, उठली की पुन्हा काचेला नाक लावायची. एकच कोडं तिला स्वस्थ बसू देत नव्हतं: रक्तात मज्जातंतूची खूण आली कुठून?

माळावर उभ्या असलेल्या त्या फिरत्या प्रयोगशाळेत तिच्या धाकट्या भावावर, धुळावर, उपचार चालले होते. महिन्यापूर्वी मेंढ्यांमागे वाऱ्यासारखा धावणारा पोरगा, आता त्याला उभं करायलाही दोघं लागायची. त्याच्या शरीरातले राखणदारच (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) चुकून मज्जातंतूंवर (मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणाऱ्या धाग्यांवर) तुटून पडत होते. तंतूंवर एक प्रतिजन (राखणदारांना ओळखू येणारी खूण) असतो. तो झाकणारं औषध बिरदेव आजोबांनी बनवलं होतं. खूणच दिसली नाही, तर हल्ला कुणावर करणार?

औषध देण्याआधी यंत्रमानव ठिपक्याने पडताळणी केली. खूण असेल तिथे हिरवा उजेड. धुळाच्या पायातून काढलेला तंतूचा तुकडा उजळला, ते ठीकच. पण रक्तातल्या काही पांढऱ्या पेशीही उजळल्या.

"नमुन्यांची सरमिसळ झाली आहे," ठिपक्या म्हणाला. "तुकडा पुन्हा काढावा लागेल."

नळ्यांना लोकरीचे धागे म्हाळसानेच बांधले होते, घरी कोकरांच्या गळ्यात बांधतात तसे. तंतूला पांढरा, रक्ताला काळा. अदलाबदल झाली असेल तर? पहिल्या वेळीच धुळा किती रडला होता.

शेवटी तिने आजोबांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. बाही वर सारून त्यांनी ठिपक्याला आपलंच रक्त काढायला लावलं. त्याच्याजवळ तंतूचा तुकडा नव्हताच, तरी त्यातही तेच हिरवे दिवे लुकलुकले.

"तुझे धागे बरोबर होते, म्हाळू. आता सांग, आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर काय असतं?"

"गेरूचा पट्टा."

"आणखी कुणाच्या अंगावर?"

ती विचारात पडली. "कुत्र्याच्या. पट्टे ओढून झाले की बाबा गेरूचा हात त्याच्याच मानेला पुसतात."

बोलता बोलता ती थबकली. मेंढी राखायची, कुत्रा राखणारा, आणि खूण दोघांवर एकच. तसंच तंतूंचं आणि रक्तातल्या काही राखणदार पेशींचं.

"मग ते औषध राखणदारांनाही चिकटलं असतं?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. तसं झालं असतं, तर साध्या तापाशीही धुळाला झुंजता आलं नसतं, असं त्यांनी सांगितलं. मग ठिपक्याने विचारलं, आता खूण कोणती धरायची?

"गेरू तर बघच, पण लोकरही बघ," म्हाळसा म्हणाली. "कुत्र्याला लोकर नसते."

आजोबा हसले. फक्त तंतूंवरच असेल अशी दुसरी खूण शोधायची. दोन्ही एकत्र दिसतील तिथेच औषध चिकटेल. चारेक दिवस लागतील, पाय लगेच धावणार नाहीत, पण वाट सापडली होती.

"ताई, तुमची मेंढरं मोजून झाली का नाही अजून?" मेंढ्यांच्या गोष्टी ऐकून आतून धुळा ओरडला.

ती आत गेली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला एक पांढरा धागा बांधून पायाशी बसली. आज पहिल्यांदाच निवांत बसली.

"हा हलला की मला हाक मार."