कॉलरा वॉर्डातलं पाणी

मे महिन्यातली दुपार. ऊन असं, की रिक्षावाल्यानं सीटवर ओलं पोतं टाकलं होतं. सुमती आणि तिचे मामा आनंदराव गावाबाहेरच्या साथीच्या दवाखान्याकडे निघाले होते. काम साधंच. कोर्टाच्या हुकमानं बंद कॉलरा वॉर्डाची पाहणी.

जगभर फिरत आलेली ती साथ नागपुरात उतरली, तेव्हा सुमतीची आई भीमाबाई त्या वॉर्डात आया होती. रोग्यांची घाण उपसता उपसता तीही गेली. सुमतीनं सरकारवर दावा लावला. सरकारचं म्हणणं, हातमोजे दिले होते, तिनं घातले नाहीत, दोष तिचा. कोर्टानं हे मानलं, तर आईचं मरण आईच्याच माथी. सुमती ते होऊ देणार नव्हती.

"सरकारशी भांडून काय भेटणार हाये वं तुले?" मामा रिक्षातच सुरू झाले.

"तुमच्यासारखं मान खाली घालून जे भेटलं ना, ते मले नको."

"बापरे! वकिलीचं पहिलंच वर्ष, अन् जीभ हायकोर्टाची."

दवाखान्याचे अधीक्षक गणपतराव दारातच उभे होते. मोजे दिल्याचं कोर्टात लिहून देणारे हेच. त्यांनी शिपायाला बाहेर थांबवलं आणि कुलूप काढलं.

आत जुलाबाच्या रोग्यांसाठी मधोमध भोक पाडलेल्या खाटांची रांग होती. नळ तोडलेला. साथ सरल्यापासून वॉर्ड बंद, तरी ब्लीचिंग पावडरचा वास ताजा, डोळ्यांत झोंबणारा.

"मोजे या कपाटात असत," गणपतराव म्हणाले. "पण अडाणी बायका. घालतील तर ना!"

मागे कुठेतरी बादली सरकली.

"उंदीर असेल." त्यांनी कपाळ पुसलं आणि सवयीनं, वळून न पाहता, हात मागे धरला. "पाणी."

त्या दवाखान्यात साहेबलोक असंच पाणी मागत. देणारीचं तोंड कोणी पाहत नसे.

खाटांमागच्या अंधारातून एक हात पुढे आला. ओला, उघडा. हातात पेला. मनगटावरचं ते गोंदण सुमतीनं लहानपणी कितीदा बोटानं गिरवलं होतं.

तिच्या घशाशी हाक आली... 'साहेब, नका पिऊ' की 'आई', तिचं तिलाच कळेना. तिनं ती गिळून टाकली.

गणपतराव गटागटा प्यायले. पेला तसाच मागे दिला. मग थबकले.

"शिपाई तर... बाहेर आहे ना?"

"साहेब," सुमती हळूच म्हणाली, "देणारीच्या हातात मोजे होते का?"

ते गर्रकन वळले. मागे कोणीच नव्हतं. दाराला टेकलेले मामा 'बुद्धं सरणं' पुटपुटत होते.

पुढच्या तारखेला गणपतराव साक्षीच्या पिंजऱ्यात आले. त्यांना कॉलरा झालेला नव्हता. डॉक्टरांनी तसं ठणकावून सांगितलं होतं. पण शपथेसाठी हात वर केला, तसं सगळ्यांना दिसलं. तळहाताची कातडी सालपटांसारखी सुटली होती. आत लालभडक मांस. उघड्या हातांनी महिनोन् महिने ब्लीचिंगमध्ये काम केलं की हात असेच होतात. आईच्या असल्याच हातांना सुमती रोज तेल लावून द्यायची.

"मोजे कधी आलेच नाहीत," गणपतराव म्हणाले. "तिनं मागितले होते... मीच हाकलून दिलं. वरून आलेल्या हुकमानं खोटं लिहिलं." मग सुमतीकडे पाहत, रडवेल्या आवाजात, "आता तरी तिला सांग, पोरी... पुरे म्हणावं."

सुमतीनं त्यांचा शब्दन् शब्द टिपून घेतला.

सरकारी वकील तटकन उठले. "साक्षीदार आजारी आहे, महाराज! या मरणाची सरकारवर कसलीही जबाबदारी..."

ते मध्येच अडखळले. आणि भर कोर्टात स्वतःचा तळहात कराकरा खाजवू लागले.